डावा घोटा, उजवा घोटा: कार्व्हिंगची नोंदवही, दिवस ५ ते १६

मी स्नोबोर्डवर कार्व्हिंग शिकतेय, म्हणजे बोर्ड न घसरू देता नुसत्या कडेवर वळणं काढणं. आधी बातमी सांगते. काल सकाळी, मशिनने नुकत्याच विंचरलेल्या उतारावर, माझी सलग सहा वळणं बर्फात एकेका रेघेची उमटली. तीन टो-साइडची (बोटांकडच्या कडेवरची), तीन हील-साइडची (टाचेकडच्या कडेवरची). थांबून वर पाहिलं तर बोर्ड घसरल्याचा पसरट फराटा कुठेच नव्हता, नुसता बोटभर रुंदीचा चर वळत वळत खाली आला होता. आणि घोटे दुखत नव्हते. मला त्या रेघेइतकाच आनंद याचा झाला.

सात आठवड्यांपूर्वी, पाचव्या दिवशी, मी तिसऱ्याच रननंतर (उतारावरच्या फेरीनंतर) बाकावर बसून दोन्ही बूट सैल केले होते. मधे काय काय झालं ते सविस्तर लिहितेय. कार्व्हिंगमध्ये घोटा दुखतो असं सांगणारे खूप भेटतात, आणि "बूट घट्ट बांध" यापलीकडे त्यांना फारसं कुणी काही सांगत नाही. माझ्या बाबतीत तर तो सल्ला उलटाच पडला.

सामान आधी: माझा डावा पाय पुढे. बोर्ड कॅम्बरचा (मधे किंचित वर उचललेला), साइडकट, म्हणजे कडेच्या कमानीची त्रिज्या, साडेसात मीटर. बूट मोंडो मापाने २५.५, मध्यम कडक. बाइंडिंग (बूट बोर्डला अडकवणारी पकड) शिकवणीत लावून दिलेलीच, म्हणजे डक, बदकासारखी पावलं बाहेर वळलेली: पुढचा पाय +१५ अंश, मागचा −१५. हायबॅकचा (बाइंडिंगच्या मागच्या, पोटरीला टेकणाऱ्या पाठीचा) फॉरवर्ड लीन, म्हणजे पुढे झुकाव, शून्य. वजन ५८ किलो. ते का सांगितलं ते पुढे येईलच.

दिवस ५ आणि ६

पहिले चार दिवस घसरती वळणं सोडून एज, म्हणजे बोर्डची कड, धरून ठेवायला शिकण्यात गेले. वेग कमी, कल कमी, तक्रार काही नाही. पाचव्या दिवशी बोर्ड खऱ्या अर्थाने कडेवर चढायला लागला आणि त्याच दिवशी दुखणं सुरू झालं.

वहीत मी लिहिलं: "घोटेदुखी, १० पैकी ६." सहाव्या दिवशी: "घोटेदुखी ७. स्ट्रॅप अजून दोन खाचा आवळले." हीच माझी मोठी चूक. दुखत होतं दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या वळणांवर, आणि मी दोन्हीला मिळून एकच आकडा देत होते.

दुखण्याआधी भाराचं बोलू, कारण ते समजल्यावर माझा स्वतःवरचा राग गेला. घसरत्या वळणात बर्फ सतत निसटत असतो, त्यामुळे जोर मुरून जातो. कार्व्हमध्ये एज निसटत नाही, सगळा जोर पायांतूनच जातो. उतार बाजूला ठेवून साधा हिशेब केला तर शरीर ४५ अंश कललं की पायांवर वजनाच्या सुमारे १.४ पट भार येतो, ६० अंशांना दुप्पट. म्हणजे माझे ५८ किलो वळणाच्या पोटात ११६ होतात. शिवाय बोर्ड जितका कडेवर चढतो तितकं वळण आखडतं: साडेसात मीटरचा साइडकट ६० अंशांवर जवळपास पावणेचार मीटरचं वळण काढतो. बुटात पाऊल तसूभर हललं तरी घोट्याच्या बारीक स्नायूंना हा सगळा भार पेलावा लागतो. घसरत्या वळणांत चालून गेलेला सैलपणा इथे चालत नाही.

दिवस ७

हील-साइडला एज सुटली, बोर्ड पुन्हा अचानक चावला आणि पुढचा पाय नडगीकडे दुमडला गेला. घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली कळ आली. पाय टेकवत होता, सूजही फार नव्हती. मुरगळला असेल म्हणून सोडून देणार होते.

हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावं. घोट्यातल्या टॅलस या हाडाचा बाहेरच्या बाजूला एक कोपरा असतो. तो मोडणं स्नोबोर्डवाल्यांमध्ये इतकं ठरलेलं आहे की त्याला 'स्नोबोर्डर्स फ्रॅक्चर' असंच नाव पडलंय. लक्षणं हुबेहूब मुरगळल्यासारखी, आणि साध्या एक्स-रेत ते निसटू शकतं. माझा एक्स-रे स्वच्छ आला, पण बाहेरच्या हाडाच्या टोकाखाली बोट दाबलं की कळ येत होती, म्हणून मी पडण्याची तऱ्हा नीट सांगितली आणि सीटी स्कॅनबद्दल विचारलं. केला. हाड शाबूत निघालं, ताणलेला लिगामेंट. तीन आठवडे बर्फ बंद. ते दुखणं स्कॅनमुळे निकालात निघालं, पण पाचव्या दिवसापासूनची दोन तशीच होती.

घरी बसलेले तीन आठवडे

या तीन आठवड्यांत जेवढं शिकले तेवढं आधीच्या सात दिवसांत नव्हते शिकले.

वहीत दोन रकाने पाडले, डावा आणि उजवा, आणि आठवून आठवून लिहिलं. डावा, म्हणजे पुढचा: घोट्याच्या समोर, जिथे नडगी संपते तिथे जळजळ, आणि ती फक्त हील-साइडला. उजवा, म्हणजे मागचा: आतल्या हाडाच्या खाली आणि किंचित मागे ओढ, फक्त टो-साइडला. एवढं कागदावर आलं आणि दोन वेगळी कारणं असणार हे उघडच दिसलं.

मग बुटांमधून इनसोल बाहेर काढले आणि अनवाणी त्यांच्यावर उभी राहिले, टाच मागे नीट बसवून. अंगठ्यापुढे जवळजवळ दीड सेंटिमीटर रिकामं इनसोल दिसत होतं. पाऊल मोजलं: २४३ मिलिमीटर. मोंडो मापाचा अर्थच पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, म्हणजे माझं माप २४.५, आणि मी घालत होते २५.५. दुकानात उभं राहून बोटं मोकळी वाटली म्हणून घेतले होते. पण तिथे सरळ उभं राहून पाहिलं होतं. गुडघे वाकवले की टाच मागे सरकते आणि बोटांना जागा होते. बूट घेताना वाकून बघायचं असतं.

टाच बुटात उचलली जात होती, म्हणून मी नकळत बोटं आवळून इनसोल पकडत होते. वरून स्ट्रॅप आवळला की तो नेमका घोट्याच्या समोरच्या दुखऱ्या शिरेवर बसायचा. आवळून आवळून मी दुखणं वाढवत होते.

दिवस ८ आणि ९

नवे बूट, २४.५. लायनर (बुटाचं आतलं मऊ अस्तर) गरम करून पायाच्या आकाराचे करून घेतले, आणि घोट्याच्या हाडांमागे फोमचे इंग्रजी J च्या आकाराचे पॅड लावले, म्हणजे टाच खाली दबून राहते. पहिल्या दिवशी बाहेरच्या हाडावर लाल गोल उठला. तिथे लायनरला मधे भोक पाडलेला फोमचा तुकडा चिकटवला आणि तो प्रश्न संपला.

बोर्डच्या प्रतिसादातला फरक मला पहिल्याच वळणाला कळला. आधी नडगी पुढे दाबली की बूट वाकायचा, टाच उठायची आणि मग कुठे एज चावायची. आता नडगी दाबली की एज चावते. मधला उशीर गेला. डावा ४, उजवा ६. उजव्यावर बुटांचा फार परिणाम नाही, याचीही नोंद केली.

दिवस १०

आज फक्त हायबॅक. एका दिवशी एकच बदल, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

फॉरवर्ड लीन शून्य असताना हील-साइडला बोर्ड कडेवर आणायला मी बोटं वर ओढत होते. बोटं वर ओढणारा स्नायू नडगीच्या पुढून घोट्यावरून जातो, तीच माझी जळजळ. लीन दोन खाचा वाढवला आणि दोन्ही हायबॅक थोडे फिरवून टाचेच्या एजला समांतर केले. आता खुर्चीत बसल्यासारखं मागे रेललं की हायबॅक पोटरीला लागतो आणि बोर्ड आपोआप उभा राहतो. बोटांना काही करावंच लागत नाही. पहिल्या दोन रनना सवयीने बोटं ओढली जात होती, म्हणून प्रत्येक हील-साइडला बुटात बोटं हलवून पाहत राहिले. हलली तर ठीक, आवळलेली असली तर पुढचं वळण हळू. दुपारपर्यंत डावा १. एका दिवसात.

दिवस ११ ते १३

आता उजवा. कार्व्ह करताना छाती आणि कंबर मी पुढे, वळणाच्या दिशेला वळवते. मागचं पाऊल मात्र −१५ वर उलट्या दिशेला तोंड करून होतं. टो-साइडला कंबर बर्फाकडे नेली की मागचा गुडघा आत पडायचा, पाऊल आतल्या बाजूला कोसळायचं आणि आतल्या हाडाखालची शीर ताणली जायची. दर टो-साइडला, दिवसभर.

दोन्ही पावलं पुढच्या दिशेला वळवणारे खूप जण आहेत आणि मला ते पटलं. ही मुळात हार्डबूटवाल्यांकडून आलेली पद्धत. त्यांचे कोन ५० ते ६५ अंशांच्या घरात असतात, पण त्यांच्या घोट्याला प्लास्टिकचं कवच असतं. सॉफ्टबूटवर तेवढं कशाला जायचं? पुढे +२७, मागे +६ पासून सुरुवात केली. अकरावा दिवस अवघड गेला, हील-साइडला अंग कुठे ठेवावं ते कळेना. बाराव्या दिवशी +३०/+१२. माझ्या बाइंडिंगच्या तळाच्या डिस्कला तीन-तीन अंशांच्या खाचा आहेत, म्हणून आकडे असे. इथे मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याच्या मागे अलगद जाऊन बसला, आणि ती ओढ कमी झाल्याचं पहिल्याच टो-साइडला जाणवलं. पाऊल तिरकं झाल्याने बुटाचं टोकही बोर्डबाहेर कमी येतं, त्यामुळे कल वाढवताना ते बर्फात घासून एज सुटण्याची भीती गेली. उजवा ३.

दिवस १४ आणि १५

तीनच्या खाली उतरेना. इथे सामानाचा दोष नव्हता. भिंतीसमोर पाऊल सपाट ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते मोजायचं. दहा सेंटिमीटरच्या आसपास चांगलं समजतात. सक्तीच्या सुट्टीत मोजलं तेव्हा डावा घोटा बरा होऊन ११ वर आला होता, पण उजवा ७. लहानपणी दोनदा मुरगळलेला तो हाच. खाली बसून टो-साइड मारताना मागचा घोटा भरपूर दुमडावा लागतो, आणि तो दुमडत नसला की पाऊल आत कोसळून वाट काढतं.

तेव्हापासून रोज सकाळी करतेय: गुडघा भिंतीला टेकवणं, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच हळूहळू खाली सोडणं (गुडघा सरळ आणि वाकवून, दोन्ही तऱ्हांनी), आणि भिंतीला पाठ लावून चवडे वर उचलणं. आता उजवा साडेआठ. हळू चाललंय, पण चाललंय. लिफ्टवर बसलं की घोट्याचे स्ट्रॅप एक खाच सैल करते, तेवढ्यात पावलाला रक्त मिळतं.

दिवस १६

कालचा. सकाळी नऊ रन, डावा ०, आणि उजवा आठव्या रनपर्यंत ०. नवव्यात २ झाला, बर्फही उकरला गेला होता, म्हणून तिथेच थांबले. मला अखेर व्हिटेली वळण मारायचंय, सर्ज व्हिटेली या फ्रेंच स्नोबोर्डरच्या नावाने ओळखलं जाणारं, ज्यात अख्खं अंग बर्फावर टेकतं. काल टो-साइडला पुढच्या हाताच्या मोज्याची बोटं बर्फाला लागली, हात खाली न नेता, फक्त कलाने. मोज्यावर बर्फाची बारीक भुकटी बसली होती. लिफ्टवर ती झटकली नाही.

सतराव्या दिवशी मागचं बाइंडिंग +१५. बाकी काही हलवणार नाही.