तोरणाच्या झेंडूचा रंग टिकतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. दसऱ्याची तोरणं उतरली की बडोद्यात हा प्रश्न हमखास येतो: या झेंडूपासून चित्राचा रंग होतो का, आणि टिकतो का? होतो. टिकणं मात्र तो कुठे वापरता यावर आहे.

कुंकू लागलेली, बुरशी धरलेली फुलं बाजूला काढा. हिरव्या देठाने रंग मळतो, म्हणून फक्त पाकळ्या घ्या. 100 ग्रॅम ताज्या पाकळ्या एक लिटर पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर पाऊण तास ठेवा. लोखंडी कढई नको, पिवळ्याचा शेवाळी होतो. मलमलीतून गाळून अर्क दुप्पट मोठ्या भांड्यात घ्या आणि गरम असतानाच 20 ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा.

खरी कसोटी पुढे आहे. 10 ग्रॅम धुण्याचा सोडा कपभर कोमट पाण्यात विरघळवून चमचा-चमचा घाला. एकदम ओतलात तर फेस उतू जातो. सोड्यामुळे तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा साका होतो आणि तो रंगाला धरून खाली बसतो. फेस थांबला की सोडा उरला असला तरी थांबा. जास्त झाला तर रंग तपकिरीकडे झुकतो. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वरचं पाणी गडदच दिसलं तर साका कमी पडला. थोडी तुरटी, मग थोडा सोडा.

वरचं पाणी काढून तीनदा स्वच्छ पाणी घाला. हे धुणं टाळलं की चित्र वाळल्यावर कागदावर पांढरे क्षार उमटतात. साका कापडावर गाळून सावलीत वाळवा, खलात कुटा. एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग पाण्यात भिजवून त्यात थोडा मध आणि बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब घाला. मग कुटलेली पूड त्यात मिसळून काचेवर घोटा. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. पुराच्या, उन्हाच्या बातम्यांनी मन शिणलं असेल तेव्हा हे घोटणं जरूर करा. चुरचुर आवाज थांबेपर्यंत दुसरं काही सुचत नाही.

आता टिकण्याचं. वहीत मिटून ठेवलेलं चित्र छान राहतं, उन्हातलं लवकर फिकटतं. एक पट्टी रंगवा, अर्धी पुठ्ठ्याने झाका, महिनाभर खिडकीत ठेवा, कळेल. भिंतीसाठी गेरू किंवा रामरज वापरा, मातीचे रंग ऊन सोसतात. हळदीच्या नादी लागू नका, ती झेंडूच्याही आधी उडते.

उकळलेल्या पाकळ्या सुक्या पानांबरोबर खतात जाऊ द्या. धुणाचं पाणी खारट असतं, कुंड्यांना घालू नका. आणि इथल्या विश्वामित्री नदीत निर्माल्य सोडू नका, कितीही श्रद्धेने असो. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं, आणि तिथे मगरींबरोबर मासे, कासवंही राहतात.

होळीच्या सुमारास केसुड्याचाही, म्हणजे पळसाच्या फुलांचाही, रंग याच रीतीने होतो. फुलं झाडावरची तोडू नका, तेव्हा मैना आणि शिंजीर त्यांच्या मधावर असतात. गळलेली वेचा, त्यांचा रंग उतरलेला असतो, म्हणून 100 ऐवजी 150 ग्रॅम घ्या.