लेखन : ३.१ एमबी

डिस्क भरत आल्याची सूचना सकाळपासून डोके खात होती, म्हणून रात्री टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडून डिस्कवरची जागा मोजणाऱ्या 'डीयू' या आज्ञेला एस (प्रत्येकाची फक्त बेरीज) आणि एच (आकडे केबी-एमबी-जीबीत) हे दोन पर्याय जोडले, पुढे 'इथले सगळे' अशा अर्थाचे तारांकन दिले आणि आलेली यादी 'सॉर्ट'मधून चढत्या क्रमाने लावून घेतली. 'डाउनलोड्स' तळाशी, ३८ जीबी. मिहिरच्या लग्नाचा एकटा व्हिडिओच ४ जीबीचा आहे आणि त्यात मी कुठे दिसतही नाही. पण तो विषय आज नको. माझ्या सगळ्या लिखाणाचे फोल्डर 'लेखन' मात्र ३.१ एमबीसह अगदी पहिल्या ओळीत, म्हणजे सर्वांत लहान, निघाले.

इतक्या वर्षांच्या जागरणांचा ऐवज तो एवढाच, हे काही केल्या मनातून जाईना. तारांकनात टिंबाने सुरू होणारी, म्हणजे लपवलेली, नावे येत नाहीत, हे आठवून फोल्डरांत किती पातळ्या खाली उतरायचे तो पर्याय १ ठेवून पुन्हा मोजणी केली, तर ब्राउझर वगैरे मंडळींनी माझ्या नकळत साठवलेला कॅश, म्हणजे तात्पुरता साठाच, १४ जीबी भरला. न लिहिता, न वाचता तो माझ्या हजारो पटींनी मोठा!

त्यातही 'डीयू' माझ्या बाजूने उदार होता. तो फाइलीतला मजकूर मोजत नाही, तिने डिस्कवर अडवलेली जागा मोजतो. माझ्या डिस्कवर जागा ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी मिळते, त्यामुळे माझी दोन ओळींची अर्धवट कवितासुद्धा ४ केबीची ठरते. 'ॲपरंट साइझ'चा, म्हणजे नुसता मजकूर मोजण्याचा, पर्याय लावला तेव्हा ३.१ चे १.२ एमबी झाले. श्रीला हे सांगणार नाही.

शिवाय यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि एकट्या 'क्षि'ला चार चिन्हे (क, हलन्त, ष आणि वेलांटी), म्हणजे १२ बाइट लागतात. तेव्हा त्या १.२ एमबीतही माझ्यापेक्षा लिपीचेच कर्तृत्व अधिक आहे. इथे मात्र मला हसू आले. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेपासून 'डीयू' ही आज्ञा जागेचा हिशेब देत आली आहे. तिच्याकडे मी गुणपत्रिका मागत बसले होते.

कॅश रिकामा केला आणि सूचना गेली. जागेसाठी पुन्हा कधी काही काढून टाकण्याची वेळ आली, तर 'लेखन'ला हात लावून काडीचाही फायदा होणार नाही, एवढे तरी या यादीने मला लेखी दिले आहे.