ईएसआरची रेघ तिरकी आली तर आधी खल काढा

पॉलिॲनिलिन या वीजवाहक पॉलिमरचं सॅम्पल सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापुरातून निघतं, पवईच्या आयआयटीत त्याचं ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून एकट्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन मोजणारी चाचणी) होतं, आणि परत आलेल्या रेघेचा वरचा लोब (फुगवटा) खालच्यापेक्षा दीडपट उंच असतो. मग प्रबंधात ‘दोन प्रकारचे स्पिन’ असं लिहून टाकायचा मोह होतो. तेवढी घाई करू नका. वाहक पदार्थात अशी रेघ बहुतेक वेळा सॅम्पलच्या जाडीमुळे येते.

मायक्रोवेव्ह वाहकात फार आत शिरत नाहीत. 9.5 गिगाहर्ट्झला तांब्यात त्या जेमतेम 0.7 मायक्रोमीटर जातात. ॲनिलिन हायड्रोक्लोराइड आणि अमोनियम परसल्फेट यांच्या नेहमीच्या कृतीनं केलेल्या पॉलिॲनिलिनची वाहकता सेंटीमीटरला 4 सीमेन्सच्या आसपास असते. तिथे ही खोली साधारण पाव मिलिमीटर. म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या पेलेटचा (दाबून केलेल्या चकतीचा) तुकडा नळीत टाकला, की आतल्या स्पिनपर्यंत लाट पोचते ती कमजोर होऊन आणि फेज बदलून. शोषणात विक्षेपण (डिस्पर्शन) मिसळतं आणि रेघ तिरकी होते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसननं 1955 साली याचं गणित मांडलं; फेहर आणि किप यांनी त्याच वर्षी धातूंमध्ये ते पडताळलं. अशा रेघेचं शून्य जिथे पडतं तिथून g (स्पिनचा रेझोनन्स किती क्षेत्राला येतो ते सांगणारा आकडा) काढला तर तो चुकतो, आणि दोनदा इंटिग्रेट करून काढलेली स्पिनसंख्याही.

उपाय साधा आहे. 5 मिलिग्रॅम पॉलिॲनिलिन आणि 100 मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड अकीकाच्या खलात हलक्या हातानं एकजीव करा. ब्रोमाइड आधी 110 अंशांना दोन-तीन तास वाळवलेलं हवं. पॉलिॲनिलिन मात्र 60 अंशांच्या वर नेऊ नका, आम्ल निघून जाऊ लागलं की डोपिंगच (वाहकता देणारी आम्लाची भर) बदलतं. ब्रोमाइडऐवजी मॅग्नेशियम ऑक्साइड घ्यायचा मोह टाळा: त्यात मँगनीजची अशुद्धी हमखास असते आणि तिच्या सहा रेघा तुमच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात. स्टीलचा चमचाही नको, लोखंडाचा कण पडला तर बेसलाइन पार वाकते. नळी क्वार्ट्झचीच. साध्या काचेतलं लोह 158 मिलिटेस्लाजवळ, म्हणजे g 4.3 ला दिसतं.

विरळ केल्यावर रेघ सरळ झाली, तर दोष जाडीचा होता. तरीही तिरकीच राहिली, तर मशीनची फेज आणि ट्यूनिंग तपासून घ्या, आणि मगच g ची दिशाभिन्नता किंवा दुसरा स्पिन यांचा विचार करा. सोलापुरी चादरीच्या सुतावर पॉलिॲनिलिन चढवणाऱ्यांनी ही कसोटी आवर्जून करावी. धागे एका दिशेत जुडीनं बांधले, तर वाहकताही दिशेनुसार बदलते.

पावसाळ्यात सॅम्पल डेसिकेटरमधून थेट नळीत जाऊ द्या. ओल मायक्रोवेव्ह खाते, कॅव्हिटीचा (सॅम्पल ठेवायच्या धातूच्या पोकळीचा) क्यू, म्हणजे लाट साठवून धरायची क्षमता, पडतो आणि ट्यूनिंग टिकत नाही. हवेतला ऑक्सिजन रेघ रुंद करतो, म्हणून निर्वात करून नळी सील करणं उत्तम.

ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा: मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राला दिलेला बारीक हेलकावा) रेघेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. 0.2 मिलिटेस्लाच्या रेघेला 0.05 पुरे. पॉवर चौपट केल्यावर उंची दुप्पट झाली पाहिजे. कमी भरली तर रेघ सॅच्युरेट होतेय, पॉवर उतरवा. डीपीपीएच (g आधीच ठाऊक असलेला संदर्भ पदार्थ) स्वतंत्र नळीत घ्या. त्याचा g 2.0036, पॉलिॲनिलिनचाही 2.003 च्या आसपास, त्यामुळे एकत्र ठेवलं तर दोन्ही रेघा एकमेकींवर चढतात.

तापमान बदलून मोजताना तर मार्कर (सॅम्पलसोबतच मोजायचा, पण रेघ वेगळ्या जागी पडणारा संदर्भ पदार्थ) हवाच. सॅम्पल थंड होताना वाहकता बदलते, तिच्यासोबत क्यू बदलतो, आणि मार्करच्या उंचीनं प्रत्येक वाचन भागलं नाही तर आलेख क्यूचाच निघतो. भागून झाल्यावर तीव्रता गुणिले तापमान हे तापमानाविरुद्ध काढा: रेषेचा चढ म्हणजे पाउली स्पिन (धातूतल्यासारखे मोकळे), आणि शून्य केल्विनला अक्षावर उरतो तो क्युरीचा (जागच्या जागी अडकलेल्या स्पिनचा) वाटा.