बाभळीवरचं घरटं

वनाधिकारी आणि अरण्यलेखक मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ला गेले. माणूस मूळचा सोलापूरचा, २००६च्या इथल्याच साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस फोटो आणि जोडलेले हात फिरले. तिसऱ्या दिवशी मी लिहून बसले, "पक्षी सप्ताहात त्यांच्या नावाने मुलांसाठी ट्रेझर हंट ठेवू." सगळ्यांनी अंगठा दाखवला. पुढे तो अस्सल मराठी अर्थानेच खरा ठरला. कामाला आम्ही तिघंच.

चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा आपल्याकडे २०२०पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. आम्ही ९ तारखेचा रविवार धरला. जागा शहराबाहेरच्या तलावाचा काठ. ऑगस्टमध्ये वाट आखली, नकाशा काढला, सात ठिकाणं ठरवली. सप्टेंबरात पावसाने जे काही केलं ते सोलापूरकरांना सांगायला नको. आमच्या सातातली चार ठिकाणं पाण्याखाली. नकाशा फाडला आणि बांधाच्या अलीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याआधी एक मूर्खपणा झाला होता, तोही सांगते. पहिल्या आखणीत एक चिठ्ठी लिंबाच्या ढोलीत ठेवायची असं ठरलं होतं. मी हात घालणार, तेवढ्यात आतून दोन पिवळे डोळे वर आले. पिंगळा. मान खाली-वर करत त्याने मला असं काही न्याहाळलं की मीच ओशाळले. ज्याने अख्खी नोकरी जंगलात काढली, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट पायाखाली घातलं, त्याच्या नावाने आम्ही पिंगळ्याच्या घरात कागद कोंबायला निघालो होतो!

मग नियम केले. ढोली नाही. खिळा नाही, रंग नाही, प्लास्टिक नाही. दगडाखालीही काही ठेवायचं नाही. तिथे पिंगळ्याऐवजी घोणस भेटली असती. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापले आणि सुतळीने फांदीला बांधले. एकूण अठ्ठेचाळीस. जेवढ्या बांधल्या तेवढ्या मोजून परत आणायच्या.

खरा घाम कोड्यांनी काढला. "राष्ट्रीय पक्षी कोणता" असलं काही नको होतं. चितमपल्लींनी मराठीला रानातले शब्द दिले, तेच वापरू म्हटलं. पहिलंच कोडं: "सारंगागार शोधा." एक बाबा म्हणाले, "सारंग म्हणजे मोर ना?" दुसऱ्यांना सारंगी आठवली. एका मुलीने मात्र मान वर न करता जमिनीकडे बघत चालायला सुरुवात केली आणि चिंचेखाली थांबली. खाली शिटेचा पांढरा सडा, वर काटक्यांची विस्कटलेली घरटी. बगळ्यांची वसाहत, म्हणजे सारंगागार. अजून वास येत होता. त्या वासातच गटाचा फोटो काढला.

तिसरं कोडं माझं लाडकं. कावळा घरटं कुठे बांधतो यावरून पावसाचा अंदाज घेण्याची रानातली जुनी रीत चितमपल्ली सांगत: आंबा, करंज अशा झाडावर बांधलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर बांधलं तर कमी. बांधाजवळच्या बाभळीवर कावळ्याचं घरटं होतंच. काटक्यांत गुंफलेली तांब्याची तार खालूनही चमकत होती. कोडं होतं: "कावळ्याने यंदा काय सांगितलं होतं?" उत्तर: पाऊस कमी.

चिठ्ठ्या लिहिताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सहावीतल्या एका मुलाच्या लगेच आलं. त्याने घरट्याकडे पाहिलं, मग काठोकाठ भरलेल्या तलावाकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, मग पूर कसा आला?" मी "अरे, हे ठोकताळे असतात" वगैरे काहीतरी पुटपुटले. त्याला पटलं नाही. मलाही नाही.

बाकी दोन तास बरे गेले. शेवटच्या ठिकाणी खजिना म्हणून चुरमुऱ्याचा चिवडा आणि शेंगाची पोळी होती. ती मुलांपेक्षा पालकांनीच जास्त संपवली. चिठ्ठ्या मोजल्या तर सत्तेचाळीस.

सोमवारी सकाळी एका चिठ्ठीसाठी पुन्हा तलाव गाठला. बाभळीखाली शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागे सत्तरीच्या पुढचे एक आजोबा. चिठ्ठी त्यांच्याच खिशात. "शेळीच्या तोंडातनं काढली," म्हणाले. कडा चावलेल्या होत्या, मजकूर शाबूत. त्यांनी नातवाकडून वाचून घेतला होता.

"ह्यो जाब चुकलाय बाई तुमचा."

"कसा काय?"

"ते घरटं गेल्या सालचं हाय. औंदा कावळा तिकडं बसला हुता," त्यांनी काठी उचलून ओढ्याच्या पलीकडे दाखवली, "करंजावर."