आमची वाटचाल : सायलेन्सरपासून हेडरपर्यंत

डेट्रॉइटच्या उपनगरात आमचं वर्कशॉप सुरू झालं ते गंजलेले सायलेन्सर बदलायला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे या कामाला तोटा नव्हता. पुढे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर शेव्हरोलेच्या जुन्या कॅमॅरो, शेव्हेल गाड्या चालवणारी हौशी मंडळी येऊ लागली. एरवी गाडी रस्त्यावर आणि सुट्टीला मायलन गावातल्या पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर. त्यांच्यामुळे हेडर, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळका वायू बाहेर नेणाऱ्या पाइपांचा संच, हेच आमचं मुख्य काम झालं.

बहुतेकांना सगळ्यात जाड पाइप हवा असतो. आम्ही तिथेच अडवतो. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ ला, ताकद ४०० हॉर्सपॉवरच्या आत असेल तर १ ५/८ इंचाची प्रायमरी (प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र पाइप) आणि ३ इंची कलेक्टर (हे पाइप जिथे एकत्र येतात तो भाग) पुरतो. पाइप उगाच मोठा केला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची, म्हणजे इंजिन हळू फिरतानाची, ओढ जाते. सिग्नलवरून निघताना लागते ती हीच ओढ. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मोठा, हेड (सिलिंडरवरचा भाग) सुधारलेलं आणि इंजिन ६,५०० आरपीएमपर्यंत फिरवायचं असेल, तरच १ ३/४ इंच.

आखूड हेडर बसवायला सोपं, पण आम्ही लांब पाइपच सुचवतो. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. म्हणजे एका बाजूला ५ आणि ७, दुसऱ्या बाजूला ८ आणि ४ लागोपाठ पेटतात. आखूड पाइपात त्यांचे दाब एकमेकांच्या वाटेत येतात. ३० ते ३६ इंचांच्या पाइपात वायू बाहेर पडताना मागे कमी दाब सोडतो आणि सिलिंडर चांगला रिकामा होतो.

फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने जोडणारी पट्टी, ३/८ इंच जाडीचा घ्यावा. पातळ फ्लँज वाकतो, मधलं गॅस्केट (गळती रोखणारा थर) जळतं आणि थंड इंजिन सुरू करताच टकटक ऐकू येते. बसवण्याआधी फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून पाहतो. बोल्ट मधून कडेकडे आवळतो, इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ देतो आणि पुन्हा आवळतो. ही दुसरी फेरी चुकवली की गळती ठरलेली.

हेडरला सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं, पण नवं इंजिन सुरुवातीला चालवून त्याचा कॅम रुळेपर्यंत जुनेच हेडर लावावेत. त्या वेळच्या जास्त उष्णतेने कोटिंग खराब होतं. साध्या स्टीलवर कापडी पट्टी गुंडाळू नये. आत ओल धरते आणि पाइप पोखरतो. हेडर बसल्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण बहुधा पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, म्हणून स्पार्क प्लग पाहून कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक-दोन नंबरांनी वाढवतो.

ऑर्डर घेण्याआधी हेडचे फोटो मागवतो, कारण स्पार्क प्लग सरळ आहेत की तिरके यावर अर्धा निर्णय ठरतो. तिरक्या प्लगच्या हेडला भलतंच हेडर आलं तर प्लगची टोपी पाइपला टेकते आणि जळते. स्टार्टर आणि स्टिअरिंग शाफ्टपाशीही जागा मोजावी लागते. आणि कलेक्टरची जमिनीपासूनची उंची गाडी लिफ्टवर असताना नाही, चाकांवर उभी करून, टाकी भरून आणि ड्रायव्हर बसवून मोजतो.