‘अर्ली’मध्ये चान्स किती? ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममधून

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आमची मुलं बारावीनंतर सीईटी, जेईई, नीटच्या वाटेनं जातात. अमेरिकेला जाणारे असतात, पण ते इंजिनिअरिंग करून एमएसला. त्यामुळे २०२४च्या जुलैत बारावी सायन्सची एक विद्यार्थिनी ‘मॅडम, कॉमन अ‍ॅपवर काउन्सेलर म्हणून तुमचं नाव देऊ का?’ असं विचारायला आली तेव्हा मला उपप्राचार्यांकडे जावं लागलं. हा अमेरिकी विद्यापीठांचा सामाईक ऑनलाइन अर्ज, आणि त्यात विद्यार्थ्याची माहिती देणारा कॉलेजातला काउन्सेलर लागतो. काउन्सेलर हे पदच आमच्याकडे नाही. त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं आणि मी ते आनंदानं घेतलं, कारण मुलगी मला माहीत होती. अकरावीतच तिनं गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी ओलांडून आरएमओ या विभागीय फेरीपर्यंत मजल मारली होती, तीही कुठलाही क्लास न लावता.

तिचं नाव इथं लिहीत नाही. तिनं शेवटी कुठे अर्ज केला तेही नाही. तसं आमचं ठरलं आहे.

अमेरिकेतली बरीच निवडक विद्यापीठं दोन फेऱ्यांत अर्ज घेतात. लवकरची फेरी साधारण १ नोव्हेंबरला बंद होते आणि डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागतो. नेहमीची फेरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते, निकाल मार्चअखेर. लवकरच्या फेरीतही प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे प्रवेश मिळाला तर यायचंच, असा करार. त्यावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. ब्राउन, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट या पद्धतीनं घेतात. एमआयटीचं ‘अर्ली अ‍ॅक्शन’ बांधून ठेवत नाही. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांचा मधला मार्ग आहे: यायचं बंधन नाही, पण लवकरच्या फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठात सहसा अर्ज करता येत नाही.

ऑगस्टमध्ये तिचे वडील भेटायला आले. ते बँकेत नोकरी करतात. एका कन्सल्टंटच्या मोफत सेमिनारला जाऊन आले होते आणि तिथले आकडे वहीत उतरवून घेतले होते. ब्राउनला २०२८ साली पदवी घेणाऱ्या बॅचसाठी अर्ली डिसिजनमध्ये ६,२४४ अर्ज आले, ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे १४.४ टक्के. दोन्ही फेऱ्या मिळून ४८,८८१ अर्जांतून २,५२१. लवकरची फेरी वजा केली तर उरलेल्यांत जेमतेम ३.८ टक्के. ‘मॅडम, जवळजवळ चौपट चान्स आहे,’ ते म्हणाले. ‘मग लवकर न भरणं वेडेपणाच नाही का?’

भागाकार बरोबर होता, पण त्यावरून काढलेलं अनुमान मला पटेना. युनिट टेस्टच्या एका जुन्या पेपरची पाठकोरी बाजू घेतली आणि त्यांना विचारलं, या ६,२४४ मध्ये कोण कोण असेल? ब्राउनचे तीसहून जास्त क्रीडासंघ आहेत. प्रशिक्षकांनी हेरून ठेवलेले खेळाडू बहुतेक लवकरच्याच फेरीत येतात, आणि त्यांची कागदपत्रं आधीच कुणीतरी नजरेखालून घातलेली असतात. ज्यांचे आईवडील तिथंच शिकले ती मुलंही याच फेरीत जास्त. शिवाय कुठून किती पैसे मिळतात याची तुलना करायची ज्यांना गरज नाही, अशी सुखवस्तू घरांतली मुलं. एवढे बाजूला काढले तर मुलुंडच्या मुलीसाठी उरणारा टक्का १४.४ नक्कीच नाही. तो किती, हे बाहेर बसून कुणालाच काढता येणार नाही. ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं जे माहितीपत्रक ही विद्यापीठं दरवर्षी जाहीर करतात, त्यातल्या सी२१ या कलमात अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश दिलेले असतात, पण देशवार फोड नसते.

एमआयटीचा आकडा शेजारी लिहिल्यावर त्यांना मुद्दा पटकन कळला. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही आणि लवकर अर्ज करणाऱ्याला बांधूनही घेत नाही. तिथं त्याच वर्षी लवकरच्या फेरीत १२,५६३ अर्जांतून ६६१ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ५.३ टक्के, एकूण टक्केवारी साडेचार. फरक किरकोळ. आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा देते, तो एकूण टक्केवारीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

पुढे डिसेंबरमध्ये ब्राउनचे नवे आकडे आले: ५,०४८ अर्ज, ९०६ प्रवेश. टक्का १४.४ वरून जवळजवळ १८ वर गेला. पण जागा वाढल्या का? आठ. त्या वर्षीपासून ब्राउननं प्रवेश परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केले होते आणि अर्जांची संख्या बाराशेनं घटली होती. नुसती टक्केवारी पाहणाऱ्याला वाटेल की प्रवेश सोपा झाला. प्रत्यक्षात, गुण दाखवायचे नव्हते त्यातले बरेच जण रांगेतून निघून गेले असावेत आणि उरलेली रांग आधीपेक्षा तगडी झाली असावी. असं उदाहरण वर्गात शिकवायलाही सोन्यासारखं.

त्या दुपारी मी वडिलांना जो प्रश्न विचारला तो खरं म्हणजे सगळ्यात आधी विचारायचा असतो: वर्षाला किती देऊ शकाल? या विद्यापीठांचा वर्षाचा सगळा खर्च धरला तर ९० हजार डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे तेव्हाच्या दरानं पंचाहत्तर लाख रुपये. ते थोडं थांबले आणि म्हणाले, ‘सात-आठ लाख. तेही धाकट्याच्या शिक्षणाला हात न लावता जमवायचे तर कठीणच.’

इथं यादीच बदलली. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली तर प्रवेश देताना ती गोष्ट विचारात घेतात. म्हणजे त्याच गुणांच्या दोन मुलांत मदत मागणाऱ्याचा चान्स कमी. मदतीची गरज न बघता परदेशी मुलांना निवडणारी थोडीच, जसं की हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, अलीकडे डार्टमथ आणि बोडन, आणि त्याच वर्षीपासून ब्राउन. अशा घरातल्या मुलाचा चान्स मोजताना हा एक नियम एसएटी या प्रवेश परीक्षेच्या पन्नास गुणांपेक्षा जास्त वजनाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि सेमिनारमध्ये त्याचा उल्लेखही झाला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट खास मुंबईची. मदतीसाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो, त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात. त्यांचा वन बीएचके आजोबांच्या काळातला. कागदावर त्याची किंमत कोटीच्या वर, हातात मात्र बँकेचा पगार. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन राहतं घर हिशेबात धरत नाहीत. बरीच विद्यापीठं कमीजास्त प्रमाणात धरतात. मुंबईच्या मध्यमवर्गीय माणसाला हा फरक फार महागात पडू शकतो.

आता मुलीचा प्रश्न. ‘मॅडम, माझा चान्स किती टक्के?’ मी तिला टक्का सांगितला नाही. तुझी फाइल १ नोव्हेंबरला कशी दिसेल आणि १ जानेवारीला कशी दिसेल ते बघू, असं म्हटलं. राज्य मंडळाच्या मुलांसाठी लवकरची फेरी इथंच अडचणीची आहे. कॉलेज अकरावीला बदलतं. नववी-दहावीची गुणपत्रकं शाळेकडे, अकरावी-बारावीची आमच्याकडे. तिला दहावीला ९६ टक्के होते, अकरावीला ८१. आमच्याकडे अकरावीचे पेपर कडक तपासतात आणि ८१ म्हणजे वर्गात पहिल्या काहींत, हे आपल्याला कळतं. आयोवात वाढलेल्या आणि आता प्रवेश कार्यालयात बसलेल्या माणसाला ती सरळ घसरण दिसते. ऑक्टोबरअखेर फाइलमध्ये फक्त हीच अकरावी असते. बारावीचं प्रथम सत्र, पूर्वपरीक्षा, हे सगळं नंतर येतं. म्हणजे लवकर अर्ज करणारा राज्य मंडळाचा विद्यार्थी आपली फाइल सर्वांत कच्ची असताना पुढे ठेवतो.

यावर उपाय होता तो कॉलेजच्या हातात. तिकडच्या शाळा अर्जासोबत ‘स्कूल प्रोफाइल’ पाठवतात. आम्ही ते कधीच केलेलं नव्हतं. क्लार्ककडून अकरावी सायन्सचं रिझल्ट रजिस्टर मागवलं, गुणांची वारंवारिता सारणी केली आणि दोन पानांत सगळं मांडलं: विद्यार्थी किती, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम काय, ‘एपी’सारखे पदवीच्या पातळीचे कोर्स इथं नसतात, गणिताचा पेपर ८० गुणांचा आणि प्रात्यक्षिक २० चं, अकरावीत ८० टक्क्यांच्या वर किती जण आणि ६० च्या खाली किती. ती सारणी पूर्ण झाली तेव्हा तिचे ८१ टक्के एकदम वेगळे दिसू लागले. मला वाटतं तिच्या चान्समध्ये कुणी खरी भर घातली असेल तर त्या दोन पानांनी. अमेरिकी शाळांतले काउन्सेलर जुन्या विद्यार्थ्यांचे गुण आणि निकाल यांचा आलेख समोर ठेवून अंदाज बांधतात. आमच्याकडून आधी कुणी गेलेलंच नव्हतं, त्यामुळे तुलनेला काही नव्हतं. निदान वाचणाऱ्याला संदर्भ तरी मिळाला.

प्रथम सत्राचे तिच्या वर्गाचे पेपर आम्ही सगळ्यांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीआधी तपासून दिले, म्हणजे बारावीच्या अपेक्षित गुणांना काही आधार राहील. एसएटीला तिला १५३० मिळाले होते. तिच्या यादीतल्या विद्यापीठांच्या कॉमन डेटा सेटमधल्या सी९ कलमात प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्यांच्या मधल्या ५० टक्क्यांची जी पट्टी असते, तिच्यात हे गुण बसत होते. म्हणजे गुणांवरून कुणी फाइल बाजूला ठेवणार नाही. त्यापुढे गुण काही करत नाहीत.

तिच्याकडे पुढे करण्यासारखं काय होतं, ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. उपक्रमांच्या यादीत तिनं ऑलिम्पियाड, कथक आणि एनएसएस लिहिलं होतं. बोलता बोलता कळलं की ती तीन पावसाळे गच्चीवर प्लास्टिकच्या बाटलीच्या पर्जन्यमापकानं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांच्या आकड्यांशी ताडून बघते. मुलुंडला डोंगराच्या बाजूला पाऊस वेगळा पडतो का, हा तिचा प्रश्न. तीन वह्या भरल्या होत्या. दुसरीच्या कडा पाण्यानं फुगलेल्या. मी म्हटलं, ‘अगं, हे का नाही लिहिलंस?’ ती म्हणाली, ‘त्याचं सर्टिफिकेट नाहीये.’ एका उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, मधल्या जागा धरून. त्यात वेधशाळा, वर्षं, पद्धत आणि निष्कर्ष बसवायला आम्ही स्टाफरूममध्ये शब्दाशब्दावर भांडलो. ‘पॅशनेट’ हा शब्द मी खोडायला लावला. त्या जागेत ‘८:३०’ बसलं.

तिघांनी चर्चा करून शेवटी अर्ली डिसिजनच ठरवलं, गरज न बघणाऱ्या एका ठिकाणी. वडिलांना सहीची भीती होती: ‘प्रवेश दिला आणि पैसे कमी दिले तर?’ मिळालेल्या मदतीत शिकणं शक्य नसेल तर करारातून मोकळं होता येतं, हे मी त्यांना त्या विद्यापीठाच्या पानावर दाखवलं, मगच त्यांनी सही केली. २०२४ साली १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. कॉलेजला सुट्टी, प्राचार्य गावी. त्यामुळे सही-शिक्का लागणारं सगळं सुट्टीआधी करून घेतलं.

डिसेंबरमध्ये आपल्या पहाटे साडेतीनला निकाल आला: डिफर्ड. नकार नाही, अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला. त्याबरोबर कराराचं बंधनही सुटलं. जानेवारीत पूर्वपरीक्षा सांभाळून तिनं बाकीचे अर्ज भरले, मी मध्यवर्षाचे गुण पाठवले. त्यात ती गणितात वर्गात पहिली होती. ११ फेब्रुवारीला बोर्डाची परीक्षा सुरू झाली.

मार्चअखेर लवकरच्या फेरीतल्या त्या विद्यापीठाचा नकार आला. दुसऱ्या एका कॉलेजनं प्रवेश दिला, मोठी मदतही दिली, पण घरच्यांनी भरायची रक्कम वर्षाला अठरा लाखांच्या पुढे निघत होती. तिच्या वडिलांनी मदत कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं: राहत्या घराची किंमत हिशेबात धरलेली आहे. होकार कळवायची मुदत १ मे. बारावीचा निकाल लागला ५ मेला. तोवर त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं.

जूनमध्ये तिनं मूलभूत विज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठीची नेस्ट ही प्रवेश परीक्षा दिली आणि आता ती कलिन्याला अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञान केंद्रात गणिताचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम करते आहे. पावसाची चौथी वही सुरू आहे. पीएचडीला तिकडे जायचं म्हणते, आणि पीएचडीला पैसे घरचे लागत नाहीत, हे तिनं स्वतःच शोधून काढलं आहे.

यंदा आणखी दोघं जण विचारायला आले. त्यांना मी पहिल्या भेटीला आईवडिलांना आणि दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं घेऊन यायला सांगितलं. स्कूल प्रोफाइलची फाइल आता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे. यंदाच्या अकरावीचे आकडे त्यात भरायचं काम क्लार्कनं आपणहून अंगावर घेतलं आहे.