रात्री तुटलेले बोल्ट

सकाळी 7 ला बडोद्याच्या मकरपुऱ्याहून फिटरचा फोन. "साहेब, कपलिंगच्या बोल्टची डोकी खाली पडलीयेत." कपलिंग म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग. रात्री मशीन बंद होतं. आदल्या संध्याकाळी टॉर्क रेंचने आवळलेल्या 16 पैकी 3 बोल्ट गेले होते.

तुटलेला भाग सपाट. मान कुठे बारीक झालेली नाही, फटीगच्या (पुन्हापुन्हा ताण येऊन थकण्याच्या) शिंपल्यासारख्या रेषाही नाहीत. भिंगाखाली धरलं तर खडीसाखर फोडल्यासारखे कण चमकत होते. हे दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो. पोलाद कणांच्या सांध्यातून उकललेलं असतं. कारण एकच, पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन!

हे बोल्ट 12.9 ग्रेडचे, म्हणजे तुटण्याआधी किमान 1220 मेगापास्कल ताण सोसणारे. पोलाद जितकं कडक तितकं या बाबतीत हळवं. जस्ताच्या मुलाम्याआधी आम्लात धुताना आणि मग टाकीत हायड्रोजन आत शिरतो. तो निघून जावा म्हणून मुलामा झाल्यावर 4 तासांच्या आत, 200 अंशांच्या आसपास कित्येक तास भाजायचं; पिवळं पॅसिव्हेशन (जस्त गंजू नये म्हणून वरचा थर) त्यानंतर, नाहीतर त्याची वाट लागते. प्लेटिंगवाल्याने भाजलं होतं, पण दुसऱ्या दिवशी. अर्ध्याच भरलेल्या भट्टीचं वीजबिल कोण भरणार? प्रमाणपत्रावर 'बेकिंग: हो' एवढंच. वेळेचा रकानाच नाही, आणि तो फॉर्म आमच्याच कंपनीने छापलेला.

पण हा लॉट पास केला होता मी. कडकपणा 42 रॉकवेल सी, ताणून पाहिला तर 1310 ला तुटला. चोख. मोठे साहेब तोच कागद पुढे करून म्हणाले, "सही तुझीच ना?" ताणचाचणी काही मिनिटांत उरकते, हायड्रोजनला ताणाच्या जागी गोळा व्हायला तास लागतात. हे कलाभवनात, बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलो होतो. इथे आवळून ठेवायची चाचणी कुणी मागितली नाही, आणि मीही कधी सुचवली नाही.

उरलेल्यांतले 5 बोल्ट जाड प्लेटमध्ये आवळून 48 तास ठेवले. पहिली रात्र शांत गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा उघडतोय तोच 'टक्'. डोकं थेट टेबलाखाली. संध्याकाळपर्यंत आणखी एक.

लॉट 400 चा. स्टोअरमध्ये 290 सापडले. बाकीचे कुठे बसवले त्याची धड नोंद नाही. फिटर बॅटरी घेऊन मशीनखाली शिरलाय. मघाशी आतूनच ओरडला, "साहेब, पिवळे तर इथे सगळेच आहेत, यातले आपले कुठले?"